आमच्या घराचं मराठी कुलूप

आमच्या घरात पैशाचं बोलणं नेहमी मोठ्यानं व्हायचं. पुण्याकडच्या माणसाला हे वाचून नवल वाटेल, पण तंजावूरला आमच्यासारख्यांच्या घरी हीच रीत. बाहेर सगळं तमिळ. मराठी फक्त घरात. त्यामुळे जे लोकांना कळू नये ते आम्ही चारचौघांत, खणखणीत आवाजात, मराठीतून बोलायचो. आई रेशमाच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर अप्पांना म्हणायची, "हा लबाड आहे हो, उठा, पुढच्या दुकानात जाऊ." आणि तो बिचारा हसून आम्हाला कॉफी मागवायचा. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. आमच्या सोन्याला तिजोरी नव्हती, पण भाषा होती.

या रीतीची दुसरी बाजू माझ्या लक्षात यायला मला तंजावूर सोडावं लागलं. अप्पांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्याशी मराठी बोलणारं प्रत्येक माणूस नात्यातलं होतं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत जो मराठी बोलतो तो कुणाचा तरी मामा, कुणाचा साडू, नाहीतर कुणाच्या विहिणीचा भाऊ. अनोळखी माणूस मराठी बोलतो हे अप्पांनी पाहिलंच नव्हतं. मराठी बोलणारा चोर तर स्वप्नातही नाही. मी मात्र नोकरीपायी पुण्यात पुष्कळ वर्षं काढली. देवनागरी लिहायला मी तिथेच शिकलो आणि माझं बोलणं ऐकून लोक हसतात हेही तिथेच कळलं. माझ्या घरमालकानं माझं डिपॉझिट बुडवलं ते अगदी शुद्ध मराठीत. मी सुट्टीत घरी येऊन हे सांगितलं तर अप्पा म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकलं असेल." घ्या! लेकापेक्षा घरमालक जवळचा, कारण तो मराठी.

आई गेली आणि मी पुणं सोडून परत आलो. घरात अप्पा, मी आणि माझी अक्का. अक्का माझ्याहून मोठी आहे, केस पांढरे झालेत, पण बुद्धी चार-पाच वर्षांच्या मुलीची. ती लहानपणी बोलेचना, तेव्हा एका डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की हिच्याशी एकच भाषा बोला, दोन-तीन भाषांत हिचा गोंधळ होईल. आईनं ते इतकं पाळलं की अक्काला एकटी मराठीच आली. शेजारणी तिच्याशी तमिळ बोलायच्या, ती हसायची आणि घरात पळायची. गल्लीतली आमची माणसं एकेक करून गेली, नाहीतर गाव सोडून पांगली. चुलत भावंडांची मुलं चेन्नईला नाहीतर अमेरिकेला. त्यांना मराठी थोडीफार कळते, बोलता येत नाही. म्हणजे आई गेल्यावर या एवढ्या मोठ्या जगात अक्काशी बोलू शकणारी माणसं दोनच उरली, अप्पा आणि मी.

अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याचं पाणी सोडताना जसे डोळ्यांत तेल घालून उभे राहायचे तसेच ते बँकेच्या बाबतीत. एटीएमला हात लावायचे नाहीत. मोबाइलवर संदेशानं येणाऱ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, फोन कुणीही चोरेल म्हणायचे. बँकेशी भांडून भांडून त्यांनी ते छोटं यंत्र मिळवलं होतं. किल्लीच्या जुडग्याला अडकवायचं, बोटाएवढं, त्याला टोकन म्हणतात. बटण दाबलं की काचेवर सहा आकडे उमटतात, थोड्या वेळानं पुसले जातात. ते आकडे टाकल्याशिवाय खात्यातून पै हलत नाही. ते यंत्र अप्पांनी देवघरात ठेवलं होतं, आईच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी.

अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसे त्या यंत्रावरचे बारीक आकडे त्यांना दिसेनात. मग अक्का वाचू लागली. तिला आकडे तेवढे येत होते, आईनं शिकवलेले. अप्पा संगणकापुढे बसायचे आणि म्हणायचे, "दाब गं." ती जीभ बाहेर काढून, सगळा जीव एकवटून बटण दाबायची आणि ओरडून वाचायची, "सात! दोन! दोन! नऊ! चार! एक!" अप्पा म्हणायचे, "छान वाचलंस." मग ती टाळ्या वाजवायची. वीजबिल भरायचं असो की किराण्याचे पैसे, तिचा सण असायचा. बाहेर ओसरीवर फुलवाली बसलेली असायची, दूधवाला यायचा. मी म्हणायचो, अप्पा, जरा हळू. ते म्हणायचे, "कुणाला कळतंय?" बरोबरच होतं. कुणालाही कळत नव्हतं.

त्या खात्यात जे होतं ते अक्काचं होतं, हे आधी सांगायला हवं. अप्पांनी आयुष्यभर शिल्लक टाकलेलं, त्यात आईचे दागिने विकून आलेलं, सगळं. तिरुवैयारुला कावेरीच्या काठी एक संस्था आहे, अशा मुली आणि बायका तिथे जन्मभर राहतात. सुरुवातीला एक मोठी रक्कम भरायची, मग मरेपर्यंत त्यांची जबाबदारी. स्वच्छ जागा. अंगणात झोपाळा. अक्काला आम्ही दोनदा घेऊन गेलो तर ती झोपाळ्यावरून उठेना. तिथल्या बाई तमिळ, पण मायेच्या. अप्पांनी त्यांना बसवून शब्द शिकवले. पाणी. भूक. दुखतंय. भीती वाटते. बाई आपल्या तोंडानं घोळवून घोळवून ते म्हणत होत्या आणि अप्पांचे डोळे भरून आले. परतताना बसमध्ये मला म्हणाले, "आता मी मेलो तरी चालेल." पुढच्या महिन्यात एक खोली रिकामी होणार होती. पैसे तेव्हा भरायचे ठरलं.

आणि त्या दरम्यान तो फोन आला.

मी ऑफिसात होतो. जे झालं ते मला नंतर कळलं, थोडं अप्पांकडून, बाकी फोनमधल्या रेकॉर्डिंगवरून. अप्पांना ऐकू कमी येतं म्हणून मीच त्यांच्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप साठवायची सोय करून दिली होती. समोरच्यानं सुरुवात हिंदीत केली. बँकेच्या मुंबईच्या मुख्य कचेरीतून, सुरक्षा विभागातून बोलतोय, तुमच्या टोकनची मुदत संपतेय. अप्पांना हिंदी येत नाही. ते फोन ठेवणारच होते. पण तेवढ्यात अक्का त्यांचं धोतर ओढत होती, आणि ते तिला म्हणाले, "थांब गं बाळ, कुणीतरी बोलतंय."

"अहो, तुम्ही मराठी?" तिकडून आवाज आला.

तिथेच सगळं संपलं. बाकीचं नुसतं उरकणं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये अप्पांचा आवाज इतका बदलतो की मला तो ओळखू येईना. ते त्याला गाव विचारतात. तो सातारा म्हणतो. "अय्यो, आमचे मूळ पुरुष तिकडचेच की!" ते कुलदैवत विचारतात. तो तुळजापूरची भवानी म्हणतो. अरे, महाराष्ट्रात दगड मारला तर तो भवानीच्याच भक्ताला लागेल! पण अप्पांना ती खूण पटली. आमच्यात लग्न ठरवताना विचारतात ते सगळं त्यांनी त्या भामट्याला विचारलं, आणि त्यानं प्रत्येक प्रश्नाचं गोड उत्तर दिलं. कॉफी तेवढी पाजायची राहिली.

तो दोन दिवस नुसता बोलला. तब्येतीची चौकशी. तुमचं मराठी किती जुनं, किती गोड, माझी आजी असं बोलायची. मूळव्याधीवर काय घेता. आणि मधे मधे भीती. काका, तुमच्या खात्यावर कुणाची तरी नजर आहे. काका, तमिळ स्टाफपैकीच कुणीतरी असावं, म्हणून शाखेत बोलू नका. घरातही आत्ता नको, मुलगा उगाच काळजी करेल. काका, माझ्यावर विश्वास आहे ना? अप्पांनी त्याला पासवर्ड सांगितला तो अक्षर न् अक्षर फोड करून. ज्या माणसानं मला, पोटच्या पोराला, तो कधी सांगितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याला फक्त टोकनचे आकडे हवे होते. जुनं यंत्र बंद करून नवं चालू करायचं म्हणाला. फोन स्पीकरवर. अप्पा म्हणाले, "दाब गं."

त्यानं विचारलं, "कोण आहे तिकडे?"

"माझी मुलगी. ती जरा भोळी आहे."

"अरे वा! वाच गं ताई."

तिनं वाचलं. तो म्हणाला, "छान वाचतेस गं!" तिच्या टाळ्या ऐकू येतात. मग तो म्हणाला, अजून एकदा. पुन्हा बटण, पुन्हा आकडे, पुन्हा शाबासकी. दर खेपेला अक्काचं, तिच्या झोपाळ्याचं, तिच्या म्हातारपणाचं थोडं थोडं निघून जात होतं आणि ती स्वतः ते वाचून दाखवत होती. शेवटी ती दमली, पण खूश होती. म्हणाली, "दादा, उद्या बोलशील?"

"बोलेन की. उद्या नक्की."

म्हणतात ना, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पण चोराला निदान किल्ली मागावी लागते. आम्ही ओवाळून दिली.

तो फोन अर्थात परत आला नाही. अप्पांनी वाट पाहिली. त्यानं खात्याला काही दिवस हात लावू नका असं सांगितलं होतं, ते त्यांनी निष्ठेनं पाळलं. संस्थेत पैसे भरायची वेळ आली तेव्हा ते मला घेऊन बँकेत गेले, नवीन धोतर नेसून. काउंटरवरच्या मुलीनं पडद्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं तमिळमध्ये हळू आवाजात विचारलं, "सार, तुम्ही स्वतःच पाठवलेत ना हे?" अप्पा हसले. माझ्याकडे वळून मराठीत, मोठ्यानं म्हणाले, "हिला काही माहीत नाही. तिकडे मुंबईला काम चालू आहे."

मी त्या क्षणी त्यांच्यावर ओरडलो. सगळ्या बँकेत. काय ओरडलो ते लिहीत नाही, बापाला कुणी बोलू नये असं होतं. पण मराठीत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. नुसते सगळे माना वळवून बघत होते आणि अप्पा हात जोडल्यासारखे करून उभे होते.

पोलिसांकडे तक्रार द्यायला गेलो. इन्स्पेक्टर तरुण होता, चांगला होता, त्यानं अप्पांना आधी पाणी दिलं. मग तमिळ रीतीनं, वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं विचारलं, "अय्या, तुम्ही शिकलेले, सरकारी नोकरी केलेले. अनोळखी माणसाला का सांगितलंत?"

अप्पा म्हणाले, "तो मराठी बोलत होता."

 इन्स्पेक्टरला वाटलं पुढे काही आहे. "बरं, मराठी बोलत होता. मग?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काय समजावणार? आम्ही या गावात शेकडो वर्षं राहिलो, आणि आमच्या भाषेत आम्हाला हाक मारणारा परका आयुष्यात पहिल्यांदा भेटला, आणि तो हा निघाला. हे तक्रारीत कुठे लिहायचं?  रकान्यात "बँक कर्मचारी असल्याचे भासवून" असं काहीतरी तमिळमध्ये लिहिलं गेलं.

मग रेकॉर्डिंग. स्टेशनात मराठी कुणालाच कळेना. इन्स्पेक्टर म्हणाला, तुम्हीच वाक्यावाक्यानं तमिळमध्ये सांगा, हा हवालदार लिहून घेईल. असं मी माझ्या घराचं बोलणं परक्यांसमोर उलगडून ठेवलं. सातारा सांगितलं, भवानी सांगितली. मूळव्याधसुद्धा सांगितली. लिहिणारा हवालदार खाली मान घालून लिहीत होता. अक्काचे आकडे आले तेव्हा मी म्हणालो, ही माझी बहीण आहे, आकडे वाचतेय. "आणि हा काय म्हणतोय?" छान वाचतेस म्हणतोय. "आणि हा आवाज?" टाळ्या. हवालदारानं लिहिणं थांबवलं. शेवटचं वाक्य मी सांगितलंच नाही. बोलणं संपलं, एवढंच म्हणालो.

पैसे तुकडे होऊन कुठल्या कुठल्या खात्यांत पांगले होते. त्यातला एक किरकोळ तुकडा अडवता आला, तो सुटून यायला अजून कोर्टाचं काम आहे. तिरुवैयारुच्या बाईंनी जमेल तेवढी वाट पाहिली. मग ती खोली दुसऱ्या कुणाच्या मुलीला गेली. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं आणि त्या रडल्या. त्यांचा काय दोष? मला रक्तदाब आहे, साखर आहे, लग्नाच्या भानगडीत मी पडलो नाही. आता मला अक्कापेक्षा जास्त जगायला हवं. ती ठणठणीत आहे. रात्री हा विचार आला की मी उठून बसतो, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटते.

अप्पांनी मराठी सोडली ती त्याच आठवड्यात. माझ्याशी तमिळ. देवापुढे तमिळ. मला वाटलं, राग आहे, शरम आहे, जाईल. पण ते अक्काशीही तमिळ बोलू लागले. पहिले दिवस तिला खेळ वाटला, ती हसायची. मग हसू गेलं. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायची, ओठ हलताना बघत.

एकदा मी तडकलोच. "अप्पा, तिचा छळ का मांडलाय? तिला काय कळतंय त्यातलं? बोला ना नीट!"

ते तमिळमध्ये, शांतपणे म्हणाले, "मी गेल्यावर आणि तू गेल्यावर हिला सरकारी वसतिगृहात ठेवतील. तिथे हिला पाणी हवंय हे कुणाला कळेल?"

 

म्हणून ते तिला शिकवतात. जुनं टोकन बँकेनं रद्द केलंय, खात्याशी त्याचा आता संबंध नाही, पण आतली बॅटरी चालू आहे. बटण दाबलं की आकडे येतात. अप्पा त्यातला एकेक आकडा दाखवून तिला शिकवतात, "ओण्णु, रेण्डु, मूणु." ती काचेकडे बघते आणि ओरडते, "एक! दोन! तीन!" आणि शाबासकीची वाट बघते. अप्पा मान हलवतात. नाही. पुन्हा.

गेल्या चैत्रातली गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. मी ऑफिसातून दुपारीच परतलो. आतल्या खोलीत अप्पा खुर्चीत बसले होते, हातात पाण्याचा पेला. अक्का समोर उभी. "तण्णी म्हण," ते तमिळमध्ये सांगत होते. "तण्णी. म्हण, मग देतो." पेल्यातलं पाणी धोतरावर सांडत होतं. अक्काचे ओठ सुकले होते.

"पाणी, अप्पा," ती म्हणाली.

"तण्णी."

"पाणी. पाणी द्या ना, अप्पा."

ते हलले नाहीत.  मग ती कोनाड्याकडे गेली, तिथला अप्पांचा फोन उचलला, तो बंदच होता, कानाला लावला आणि दाराकडे पाठ करून हळूच म्हणाली, "दादा, अप्पांना सांग ना. मला पाणी देत नाहीत."